जिन्याखालची जागा

५ जानेवारी १९९७, रवि.
गोडादऱ्याच्या प्लॉटचा ताबा मिळाला. दोन घरांत मिळून एक प्लॉट. सुशी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान संतोषभाऊ आणि आमचे हे कापड विणायच्या एकाच लूमखात्यात, उलट्या पाळ्यांना. भाड्याची खोलीही एकच, मधे साडीचा पडदा. कोणीतरी कायम झोपलेलं, म्हणून सगळं बोलणं कुजबुजत. सहा वर्षांत माझा आवाज गेला, असं हे म्हणतात. गेला असता तर ह्यांनी पेढे वाटले असते.
आज सुशीला नळावरून बोलले. बादली भरून वाहते नि ही मोरीचं दार लावून आत बसलेली. रोजचंच. नळाला तापीचं पाणी, नि तापी आमच्या माहेराहून येते म्हणून काय सगळी हिचीच?

१२ जाने., रवि.
नकाशा मीच काढतेय. मला काय हवंय ते इथे तरी स्वच्छ लिहिते: दोन दारं, दोन चुली, आणि मधे अशी भिंत की शब्द पलीकडे जाणार नाही. पण सुशीला कसं सांगू? वेगळी चूल म्हटलं की मन दुखावणार. घर हवंय. मैत्रीण घालवून नकोय.

१४ जाने.
संक्रांत. आभाळभर पतंग. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सांगून टाकलं. सुशी म्हणाली, "बरं झालं व माय! तुन्ही भाजीमा तिखट ऱ्हास कोठे?"
माझ्या भाजीत तिखटच नसतं म्हणे! आठ दिवस उगाच झुरले.

१९ जाने., रवि.
प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारून भिंती आखल्या आणि आम्ही चौघं त्यात दिवसभर राहून पाहिलं. हे पाळीवरून आल्यासारखे आले ते थेट भिंतीतून. "अहो, दार तिकडे!" संतोषभाऊ झोपायच्या जागी आडवे होऊन घोरले. मी मिरच्या कुटायला बसले, तर त्यांचं डोकं नेमकं खलबत्त्यापाशी! चूल हलवली. हसून पोट दुखलं.
मग पुरुष जिन्यावरून वाद घालत बसले. सुशी रेघांच्या मधोमध उभी. हळूच म्हणाली, "बाकी सगळं शे. रडाले कोठे बसू?"
मला कळेना. विचारलं, आत्ता कुठे रडतेस?
"नळ येस तवय, मोरीमा." पाण्याच्या आवाजात.
तिची लेक सोनी काविळीने गेली त्याला दोन वर्षं होतील. पडद्याच्या अलीकडे मी, एकदाही हुंदका ऐकला नाही. वाटलं, सावरली. आणि मी तिला पाण्यावरून...

२६ जाने., रवि.
जिन्याखाली जागा निघते. उभं राहता येणार नाही, बसता येईल. हे म्हणतात, तिथे सायकली. मी म्हटलं, सायकली दारापुढच्या ओटल्यावर झोपतील. "मग तिथे काय ठेवणार?" सुशी म्हणाली, सामान. कसलं सामान? मी नकाशाची घडी घातली.

१६ मार्च, रवि.
जिना झाला. आज खालचं छोटं दार बसवलं. गवंडी म्हणाले, "सामानाची कोठडी हाय न्हवं? कडी भायेरनं मारतो." हे हो म्हणाले.
सुशी रेतीचं घमेलं घेऊन चालली होती. थांबली. "आतून लावा."
ह्यांना हसू आलं. "सामान आतून कडी लावून घेणार का?"
कोणीच हसलं नाही. संतोषभाऊंनी तिच्या हातातलं घमेलं उतरवून घेतलं. मग गवंड्याला म्हणाले, "ती सांगते तशी लावा." जरा वेळाने माझ्याजवळ आले, मान खाली.
"वहिनी, तठे दोन जण बसतीन का?"
मी टेप घेऊन आत शिरले. माप काही घेतलं नाही, एका कडेला सरकून बसून पाहिलं आणि आतूनच सांगितलं, "बसतील."