हीच तुझी पेन्शन

नाना, मी रिटायर झाले. पैठणच्या ऑफिसात हार-नारळ झाला, साहेबांनी भाषण केलं, आणि संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आले, रोज यायचे तशीच. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "काय काय मिळालं?" तर ग्रॅच्युइटी मिळाली, शिल्लक रजेचे पैसे मिळाले आणि पेन्शन बसली. आमच्या खात्यात पेन्शनीचा काही हिस्सा विकता येतो. म्हणजे दरमहा कमी घ्यायचं आणि त्या बदल्यात एकरकमी पैसे आताच उचलायचे. विकायचा की नाही ते आपणच लिहून द्यायचं. त्या प्रश्नापाशी मी कितीतरी दिवस अडून बसले होते आणि त्या सगळ्या दिवसांत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

तुमच्यासमोरही हाच प्रश्न आला होता. माझा बारावीचा निकाल लागला होता आणि तुमचं रिटायरमेंट तोंडावर होतं. तुमच्या निमसरकारी संस्थेनं तेव्हा नुकतीच पेन्शन आणली होती आणि ज्याला त्याला विचारलं होतं, फंड पाहिजे की पेन्शन. फंड घेतला तर सगळी रक्कम एकदम हातात, पुढं काही नाही. पेन्शन घेतली तर फंडातला संस्थेचा वाटा सोडायचा, पण तुम्हाला जन्मभर दरमहा, आणि तुमच्यामागं आईला. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. आई परातीत भाकरी थापतेय. तुम्ही भिंतीला टेकून पाटावर बसला आहात. मी कांदा चिरतेय आणि कान तुमच्याकडं आहेत.

"अहो, पेन्शन घ्या," आई म्हणते. "थोडी असू द्या, पन महिन्याच्या महिन्याला येऊ द्या."

"आन् पोरीच्या इंजिनिअरिंगचं डोनेशन कुठून भरू?"

"थांबंल की एखादं साल."

"एक साल थांबली की तुझा भाऊ स्थळ घेऊन येतो का नाय बघ." मग तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "ही शिकली की हीच तुझी पेन्शन. जितीजागती."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "जितं मानूस रुसतं ओ. कागद रुसत नाय."

तुम्ही मोठ्यानं हसलात. मीही हसले. देवगाव रंगारीहून आलेली, चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिचं बोलणं आपण दोघं असंच हसण्यावारी न्यायचो.

तुमचा पेन्शनीवर भरवसा का नव्हता हे तुम्ही मला नंतर एकदा सांगितलंत, कॉलेजात सोडायला आला होतात तेव्हा. तुमच्या गल्लीत एक मुन्शीजी राहायचे. निजामाच्या महसूल खात्यात जन्म घालवलेला, अक्षर मोत्यासारखं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि त्यांची पेन्शन अडकली. कागद उर्दूत, साहेब नवे. मुन्शीजी शेरवानी घालून रोज कचेरीत जायचे आणि तसेच परत यायचे. एकदा तुम्ही त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "क्या हुआ चाचा?" तर म्हणाले, "दस्तखत तो मेरे वही हैं बेटा, हुकूमत वो नहीं रही." पेन्शन पुढं सुरू झाली म्हणे, अगदी रीतसर. पण तोवर त्यांच्या घरातले तांब्याचे हंडे, देगच्या सगळं बाजारात गेलं होतं. हे सांगून तुम्ही मला म्हणालात, "सरकार कोनाचं राहील कोन सांगतं? हातात आलं ते आपलं." मी तेव्हा मान डोलावली. मला तर कॉलेज मिळालं होतं, मी कशाला वाद घालीन?

मला पाटबंधारे खात्यात, कालव्यावर नोकरी लागली आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात. ऑर्डर तेवढी पाहिलीत. आईला मी माझ्याकडं आणलं. तिचा जावई भला माणूस, त्यानं कधी वावगा शब्द काढला नाही. तरी ती लेकीच्या घरात पाहुणीसारखी राहिली. दर महिन्याला मी तिच्या हातात पैसे द्यायचे आणि दर वेळी काही घ्यायचं झालं की ती विचारायची, "तुझ्या पैशातून घेऊ का?" चष्म्याची काडी बदलायची असो, नाहीतर नातवाला पेरू घ्यायचे असोत. एकदा मी म्हटलं, "आई, विचारतेस काय? तुझेच आहेत ते." ती शांतपणे म्हणाली, "माझं असतं तर तुला द्यायला लागलं असतं का?" मी ऑफिसची पिशवी उचलली आणि निघाले.

ऑफिसात तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायचे ते खानसाहेब आठवतात? त्यांनी पेन्शन घेतली होती. तेही तुमच्यामागं लवकरच गेले. त्यांची बायको, आमची चाची, आमच्याच कॉलनीत राहायला आली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून पेन्शन काढायला जाताना ती आईला सोबत न्यायची. मला याचा पत्ता नव्हता. एकदा कामासाठी क्रांती चौकातल्या बँकेत गेले, तर बाकड्यावर आई बसलेली. इस्त्रीची साडी, केस चापून बसवलेले, हातात चाचीचं पासबुक. आजूबाजूला सगळ्या पेन्शनवाल्या बाया, गप्पा रंगलेल्या. तिला पाहून कुणालाही वाटलं असतं, हीसुद्धा स्वतःची पेन्शन काढायला आलीय.

नोव्हेंबर होता. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे बँकेत येऊन दाखवावं लागतं, तो महिना. काउंटरवरचा पोरगा चाचीला ओरडून विचारत होता, "चाची, जिंदा हो ना?" चाची हसत म्हणाली, "अल्लाह का करम है, अगले साल भी आऊंगी!" सगळ्या बाया हसल्या, आईही हसली. मी दोघींना रिक्षात घालून घरी निघाले. चाची तिच्या गेटपाशी उतरली. रिक्षा पुढं निघाल्यावर आई म्हणाली, "मी जिती हाय का, हे मला एकदाबी कोनी इचारलं नाय."

"मी विचारते ना रोज," मी म्हणाले.

"तू लेक हायेस. लेक इचारतीच."

ती रागानं बोलली नव्हती. तुमच्याबद्दल तर ती कधीच वाकडं बोलली नाही. पण नाना, तुमच्यासोबतच्या संसाराहून जास्त वर्षं ती तुमच्यामागं जगली, आणि तेवढी सगळी वर्षं मी तिची पेन्शन होते. कधी मला बढती मिळाली, कधी बदली झाली, कधी मी दमून घरी येऊन कुणाशी बोलायचे नाही. अशा दिवशी ती ताटात भाजीसुद्धा कमी वाढून घ्यायची. कागदावरच्या पेन्शनीसमोर कुणाला असं दबकून वागावं लागत नाही.

आता माझं ऐका. माझा मुलगा वाळूजला एका कंपनीत होता. ती बंद पडली. त्याला एक जुनी मशीन मिळत होती, शेडही भाड्यानं ठरली होती, काम देणारे ओळखीचे होते. ग्रॅच्युइटीतून मी त्याला दिले, पण ते पुरेनात. एका रविवारी जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"आई, पेन्शनीचा हिस्सा वीक ना. पंधरा वर्षांनी परत पूर्ण सुरू होते."

"पंधरा वर्षांनी मी असेन का?"

"असशील गं. आजी नाही का जगली?"

मग मी त्याला आजीचं सगळं सांगितलं. बँकेतलं बाकडं, ती साडी, रिक्षातलं बोलणं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पण आजोबांनी पेन्शन घेतली असती तर तू आज कोण असतीस?"

मी हात पुसत राहिले. माझा नवरा बाहेर झोपाळ्यावर पेपर वाचत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुझी कमाई आहे, तू ठरव." नाना, मला वाटलं होतं कुणीतरी अडवेल, नाहीतर ढकलेल. कुणीच काही केलं नाही.

मी विकायचं नाही असं लिहून दिलं.

मुलगा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो चाकणला नोकरीला गेला, बायको-मुलीला इथं ठेवून. ती मशीन त्याच्या मित्रानं घेतली आणि मित्राचं काम झकास चाललंय, दोन माणसं ठेवलीत. मुलगा सुट्टीला येतो, माझी विचारपूस करतो, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" म्हणतो. त्याची मुलगी त्याला सोडत नाही, एसटी स्टँडपर्यंत रडत जाते. मी गॅलरीतून बघते.

बरोबर रिटायर झालेल्या बाया फोन करतात, विकावी का, तू काय केलंस, विचारतात. मी सांगते, प्रत्येकीचं घर वेगळं, मला नका विचारू. तुमचं चुकलं असं मी जन्मभर म्हणत आले, पण जिथून म्हणते ती जागा तुमच्याच पैशानं मिळालीय. आणि तुम्ही लेकीसाठी केलंत ते मी लेकासाठी केलं नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून सरकारं किती आली न् गेली, शहराचं नावसुद्धा बदललं, पण पेन्शन ठरल्या दिवशी येते. मुन्शीजींची गोष्ट माझ्या बाबतीत तरी अजून खरी ठरलेली नाही. उद्याचं मलाही माहीत नाही.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीय. लोकांना मी सांगते, आईचे हाल पाहिले म्हणून विकली नाही. मुलालाही तेच सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. महिन्याच्या सुरुवातीला बँकेचा मेसेज येतो तेव्हा मी तो दोनदा वाचते, कुणाला सांगत नाही, आणि एकटीच चहा करून पिते. मुलगा चाकणला खोलीवर डबा खात असेल हे मला माहीत असतं. मला वाईट वाटायला पाहिजे, नाना. पण त्या वेळी मला नुसता आनंद होतो.