सुपारी तोंडात धरायला म्याच शिकवलं

प्रति,
मेहरबान अमीन साहेब,
पोलीस ठाणं, तालुका भोकरदन.

अर्जदार: तुळजाबाई रखमाजी गाडेकर, राहणार पिंपळगाव रेणुकाई.

विषय: माझा लेक बद्रीनाथ याची जबानी रद्द करून मला बराबर अटक करन्याबद्दल.

संदर्भ: दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी त्यानं तुमच्यापुढं लिहून दिलेला माफीनामा.

मेहरबान साहेब,

रेणुकाईची आन, नातवंडांची आन, ह्यातला एक बी शब्द झूट न्हाई. गावात लोक म्हन्तात, तुळजाबाई थापा मारती. मारती, पर सरकारी कागदावर बिलकुल न्हाई.

१. निजाम सरकारच्या चावडीपुढं तिरंगा झेंडा घिऊन बसल्या म्हनून आठ बायांला सहा सहा महिन्यांची सजा झाली. त्यांला शिकवलं कुनी? म्या. माझ्याच खळ्यावर, भरदुपारी, दीड महिना. मालकाचा जुना पटका बांधून म्या शिपाई व्हायचे. झिंज्या उपटायचे, थापडा मारायचे, त्यांच्या सात पिढ्या काढायचे. त्यांनी हात उचलायचा न्हाई, उलटून बोलायचं न्हाई. परत्येकीच्या तोंडात एक अख्खी सुपारी. तोंड उघडलं का सुपारी पडती, अन् सुपारी पडली का ती जत्थ्यातून बाद.

झुंबरबाईची जीभ तुमी ऐकली न्हाई. शेजारनीची कोंबडी अंगनात आली तरी तिचं म्हायेर काढती. पहिल्या दिवशी अकरा डाव सुपारी पडली. "आत्या, मार चालंल, पर मला गप नका बसवू," म्हनून रडली. दीड महिन्यानं तिच्याच मांडीवरून इंचू गेला, तिनं सुपारी सोडली न्हाई. इंचूच लाजून माघारी फिरला.

अंग ढिलं सोडायचं बी म्याच शिकवलं, ओल्या कापसाच्या गठड्यावानी. एकेकीला उचलाया तुमचे चार चार शिपाई लागले. कमरबीला टाकताना तर गाडीचा आस मोडला. इचारा शिपायांला.

२. बद्रीनाथ माझा सगळ्यात पक्का गडी. म्या त्याला एकोनीस थापडा मारल्या, सुपारी हालली न्हाई. म्हनून झेंडा त्याच्या हातात दिला. त्यानं ठाण्यात येऊन एक थापड बी न खाता लिहून दिलं, का शिकवनारा भाईर गावचा व्हता, नाव ठावं न्हाई, अन् आमची माय खुळी हाय, तिला गोष्टी रचायची सवय हाय. साहेब, तुमी बी ते मानलं! "मला बी धरा," म्हनत म्या आले, तर म्हन्ले, "आजी, घरी जा, भाकरी करा."

म्या ठाण्याभाईर उभी. दुसरी गाडी आली, बायांला घिऊन औरंगाबादच्या जेलाकडं निघाली. झुंबरबाई गाडीतून वरडली, "आत्या, तुमी म्होरं चालनार व्हत्या ना?" तिच्या तोंडातली सुपारी रस्त्यात पडली.

३. बद्रीनाथ आता घरीच हाय. माझ्या हातची भाकर खाऊन राह्यला. म्हन्तो, "माय, तुझ्यासाठीच केलं." माझ्यासाठी म्हनं! त्याच्यासाठी म्या कवा कुनाला इकलं? म्या ताट वाढते अन् भाईर वट्यावर जाऊन बसते.

४. तवा त्याची जबानी फाडा अन् मला त्याच जेलात, त्याच बायांत टाका. शक असंल तर ठाण्यात बोलवा, शिपायाला म्हना मार. सुपारी सोबत जोडली हाय. जल्दी करा, सहा महिने काई लई न्हाई, बाया सुटून येतील अन् म्या घरीच सापडंन.

आपली अपराधी, पर तुमी मानत न्हाई ती,
तुळजाबाई (डाव्या हाताचा अंगठा)
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६९
लिहिनार: पाशामियाँ, सांगितलं तसं

सोबत: सुपारी, नग एक.

ताजा कलम: पाशामियाँनं अर्ज वाचून दावला. एकोनीसपाशी थांबला. म्हन्ला, "काकू, सरकारी कागद हाय." मंग लिहा. इंचू खरा, गाडीचा आस बी खरा. एकोनीस थापडा तेवढ्या झूट. तिसऱ्याच थापडीला बद्रीनाथची सुपारी पडल्ती. बाया पानी प्यायला गेल्त्या, कुनी पाह्यलं न्हाई. म्या सुपारीवर पाय ठेवला, अन् झेंडा त्याच्या हातात दिला. सोबत जोडली ती सुपारी तीच हाय.