नऊ पिरोगी

प्रिय स्टेफा,

या महिन्याचा डबा आला नाही म्हणून तू फोन केलास आणि ओरेस्टने "ल्युबाला बरं नाही" असं ठोकून दिलं. मी ठणठणीत आहे. भात भरलेल्या कोबीच्या रोलांचा तो डबा मी तुझ्या दारापर्यंत आणला होता आणि परत नेला. का, ते फोनवर सांगता आलं नसतं. शेजारी नवरा बसलेला असतो आणि तिन्ही मुलगे "खायला काय आहे?" म्हणून डोकं खात असतात.

त्या मंगळवारी ऐन कापणीत कंबाइन यंत्राचा पट्टा तुटला. नवा आणायला मला यॉर्कटनला पिटाळलं. पट्टा घेतला आणि म्हटलं, तुझा डबाही देऊन टाकू. मागच्या दाराशी आले तर जाळीतून तू दिसलीस. ओट्यावर पिठाचा एवढासा गोळा घेऊन तू पिरोगी करत होतीस. बटाट्याचं सारण भरून, कडा चिमटून एकेक ताटात मांडलीस. मी मोजल्या, नऊ. नऊ पिरोगी कोण करतं गं? आपल्यात दोनशेच्या खाली कुणी पीठच मळत नाही. चर्चच्या तळघरात सगळ्या मिळून करतो तेव्हा डोरिस तर चारशे झाल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. "हात चालवा बायांनो, जिभा नंतर!" म्हणून ओरडत असते. आणि तू त्या नऊ उकळून, लोण्यात परतून, वर सायीतले मशरूम आणि मूठभर शेपू घालून, टेबलावर स्वच्छ कापड पसरून जेवायला बसलीस. शेपू! ओरेस्टला वासही सहन होत नाही, म्हणून एकतीस वर्षांत माझ्या घरात शेपूची काडी आलेली नाही. तू पहिला घास घेतलास, डोळे मिटलेस आणि स्वतःशीच हसलीस. शेवटी पावाने ताट पुसून खाल्लंस. दार वाजवायला उचललेला हात मी खाली घेतला. इतकी जळले मी, की पिकअपमध्ये बसून डब्यातले चार थंडगार रोल रागारागाने संपवले.

आता खरं ते ऐक. दर थँक्सगिव्हिंगला तुझी पाठ वळली की सासूबाई उसासा टाकतात, "बिचारी! एकटीसाठी चूल तरी कशी पेटवावीशी वाटणार?" आणि मी जोरात मान डोलावते. वर म्हणते, "टोस्ट खाऊन झोपते हो ती." तू टोस्ट खाऊन झोपत नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या घरात पाऊल टाकलं की लसणाचा वास येतो. तुझं लग्न झालं नाही म्हणून मी रडले होते, ते रडणंही फुकट गेलं. डबे मी दयेने पाठवत नव्हते, स्टेफा. तुझा फ्रीजर भरलेला राहावा, स्वतःसाठी काही रांधायला तुला निमित्तच उरू नये, म्हणून पाठवत होते. अशी आहे तुझी थोरली बहीण.

तिथून निघाले ती तडक किराणा दुकानात शिरले. ठरवलं, आज फक्त मला आवडतं ते घ्यायचं. टोपली घेऊन अर्धा तास फिरले. हे ओरेस्टचं, हे थोरल्याचं, हे धाकट्याला चालतं. माझं काय, ते आठवेना. रिकामी टोपली जागेवर ठेवून बाहेर पडले. घरी पोचले तर ओरेस्ट तडकला, "अगं बाई, पीक उभं आहे आणि तू बाजार हिंडतेस?" मी बटाटे सोलायला घेतले, पाच जणांचे.

नोव्हेंबरात तू मैत्रिणीच्या ऑपरेशनसाठी विनिपेगला जाणार आहेस ना? किल्ली शेजारणीला देऊ नकोस, मला दे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला जाते, असं मी घरी सांगितलंय. ओरेस्ट म्हणाला, "कुंड्यांना चार दिवस?" मी म्हटलं, "नाजूक आहेत." तू घरात नसतानाच मला यायचंय. तू असलीस की मी तुला विचारून रांधीन, तुझ्या चवीचं करीन. मला दुसरं येतच नाही. माझ्यासाठी फ्रीजरात काही ठेवून जाऊ नकोस. आणि लहानपणी मी कशावर तुटून पडायचे ते तुला नक्की आठवत असेल. सांगू नकोस.

तुझीच जळकुटी,
ल्युबा