आक्षेपाची बाजू

फेर्रारा, ११ फेब्रुवारी १६१९

पुन्हा बोलावणं! रेक्टर फादर ताद्देओ दारातच म्हणाले, "ओराझिओ, तुमच्या वर्गातून पोरं पायाखालची जमीन चाचपत बाहेर पडतात. पृथ्वी फिरते म्हणे!" मी म्हटलं, तो आक्षेप आहे, फादर. वादसभेचा नियमच आहे — खंडनाआधी विरुद्ध बाजू पूर्ण जोरानिशी मांडायची, समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेपर्यंत. हसले. "तुमचे आक्षेप पैलवान, आणि उत्तरं मात्र अंथरुणाला खिळलेली!"

पकडलं म्हाताऱ्याने. पृथ्वी फिरते असं शिकवू नये, हा रोमचा मनाईहुकूम आल्यापासून मी असंच शिकवतोय. जे खरं मानतो ते आक्षेप म्हणून सांगायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

१३ फेब्रुवारी

कपाळाला राख लागली, उपवासाचे दिवस सुरू. आता ईस्टरपर्यंत रोज वाम मासा. आत्ताच तोंड विटलं!

१९ फेब्रुवारी

ठरलं. जाहीर वादसभा, रोमहून तपासणीला येणारे पाहुणे समोर. मी आक्षेप घ्यायचा, माझा विद्यार्थी एर्कोले याने खंडन करायचं. पाहुण्यांचं समाधान झालं नाही तर माझं शिकवणं बंद — रेक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मला फिकीर नाही, असं लिहिणार होतो. खोटं! मला दुसरं येतं काय?

पण त्याहून मोठी काळजी एर्कोलेची. विणकराचा मुलगा, हट्टी, प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहणारा. माझ्यामागे ही गोष्ट जपेल असा तो एकटाच. उघड काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर बिचाऱ्याला ते पापकबुलीत सांगावं लागेल. पण तो ओळखून आहे, नक्की.

६ मार्च

झालं.

मी आक्षेप मांडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. आपण अशी जागा बदलत असूनही तारे हललेले दिसत नाहीत, कारण ते अतोनात दूर आहेत. एर्कोलेने माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट सांगितलं. मग म्हणाला, "फादर, इतका दूरचा तारा दुर्बिणीतून नुसतं टिंब दिसायला हवा. तो तर वाटोळा दिसतो. मी मापलाय. तुमचं अंतर धरलं तर एकेक तारा पृथ्वीच्या वर्षभराच्या सगळ्या वाटेहून मोठा ठरतो. हे कसं?"

खोटंखोटं हरायचं ठरवून गेलो होतो, खरोखर हरलो. मापायला त्याला मीच शिकवलं. दुर्बीणही माझीच.

पाहुणे खूश. रेक्टरांनी मिठीच मारली — "मी उगीच संशय घेतला हो!" म्हणजे मी वाचलो. एर्कोलेचा राग यायला हवा होता. अभिमान वाटत होता, आणि डोळ्यांत पाणी येत होतं.

७ मार्च

दिवसभर आकडेमोड. पृथ्वी फिरतेच! चूक काचेत असेल, काचच ताऱ्याला फुगवून दाखवत असेल. पण सिद्ध कसं करू? एकट्याचं काम नाही हे.

९ मार्च

एर्कोले बागेत भेटला. घुटमळला. मग हळूच, "फादर, एक विचारू? तो आक्षेप... तुम्ही स्वतः मानता का?"

आसपास कोणी नव्हतं. खिडक्याही बंद होत्या. तरी मी म्हटलं, "छे रे! वादापुरता."

त्याने मान डोलावली आणि प्रार्थनेला गेला.

१५ मार्च

पाहुणे एर्कोलेला रोमला घेऊन गेले, ग्रंथ तपासायच्या कामावर. गाडीत चढताना म्हणाला, "बरं झालं, फादर, तुम्हाला विचारलं ते. तुम्ही हो म्हणाला असतात ना, तर मी सगळी मापं पुन्हा घेणार होतो."