पिवळ्या पट्ट्यावरचा रुमाल

प्रिय नागू,

सप्रेम जयभीम. हे पत्र तुला नरसिंग वाचून दाखवत असेल, म्हणून आधी त्यालाच सांगते. बाळा, तुझी मावशी लांबण लावते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा मधलं गाळून शेवटाकडं उडी मारू नको. तुझ्या आईला वाचता येत नसेल, पण गाळलेलं तिला बरोबर कळतं.

गाव आहे तिथंच आहे. घरणीत पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलं की चांदण्यात नदीची वाळू अशी चमकते की पाणी आलं असंच वाटतं. मला माहीत असतं, तरी रोज फसते. फसायला बरं वाटतं गं. टँकर एक दिवसाआड येतो, शिरूरच्या वाटेला खडी फोडायचं काम चालू आहे, आणि ज्यांचे हातपाय धड आहेत ते लातूरला विटा वाहायला किंवा अर्धापूरला केळीच्या मळ्यात गेलेत. लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण दोघींनी मूठमूठ साखर खाल्ली होती. तेव्हा कुठं माहीत होतं, की तो जिल्हा तुझ्या नरसिंगला शिपायाची नोकरी देईल आणि त्याच्या मागोमाग तुलाही घेऊन जाईल. नोकरीचा आनंद आहे. तुझा रागही आहे. दोन्ही एकदमच आहेत, मी काय करू?

विहारातली सतरंजी अजून तीच. रंग उडालेत, पण पट्टे ओळखू येतात. भिंतीकडचा निळा माझा, त्याला लागून पिवळा तुझा, त्यापुढं तांबडा शेषेराव गुरुजींचा, आणि मग दारापर्यंत एकेका घराचा एकेक. ग्यानोबा मामंजींनी ही सतरंजी उदगीरहून खांद्यावर टाकून आणली तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. त्याआधी वंदना नेहमी गुरुजींनीच सांगायची आणि खराटा नेहमी आपण बायकांनीच धरायचा, हे न ठरवताच ठरून गेलं होतं. मामंजींनी सतरंजी अंथरली, प्रत्येक घराला पट्टा दिला आणि पट्ट्यांवर एकेक वस्तू मांडली. पांढरा रुमाल ज्याच्यापुढं, त्यानं वंदना सांगायची. काडेपेटी ज्याच्यापुढं, त्यानं मेणबत्त्या लावायच्या. घागर त्याच्या शेजारी, आणि तिच्या शेजारी खराटा. दर पौर्णिमेला सगळं एकेक पट्टा भिंतीकडं सरकायचं, आणि भिंतीला टेकलेलं परत दारापासून सुरू व्हायचं. तेव्हा ते बोलले ते अजून कानात आहे, "जल्मावरनं काम ठरायचं, ते सोडून आपुन हितं आलाव. आता माणूस न्हाई हलायचा, काम हलंल."

आणि पहिल्याच फेरीत खराटा गुरुजींपुढं आला! त्यांची बायको लगबगीनं उठली, तर मामंजींनी नुसता हात आडवा धरला. गुरुजींनी कोट काढून खुंटीला लावला आणि अंगण झाडलं. सगळी धूळ आपल्याच अंगावर घेतली बिचाऱ्यांनी. तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस आणि तुझ्यामुळं मलाही हसू आवरेना.

पण मामंजींच्या नियमाला तूच एक पुरून उरलीस. आपली पाळी शेजारच्याला देता येते, मात्र दोघांनीही तिथं हजर असलं पाहिजे, एवढी सवलत त्यांनी ठेवली होती. ती जणू तुझ्यासाठीच ठेवली होती. रुमाल तुझ्यापुढं आला की तू हळूच माझा पदर ओढायचीस आणि गुडघ्याखालून रुमाल माझ्याकडं सरकवायचीस. मी डोळे वटारायची, मग तुझी वंदना सांगायची, आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा माझी. लोक म्हणायचे, पंचफुलाला आपल्याच आवाजाची हौस. म्हणू देत. माझा आवाज म्हणजे भांड्यावर भांडं आपटल्यासारखा, हे मला माहीत नव्हतं का? तू रानात निंदताना गाऊ लागलीस की बांधापलीकडचे बैलसुद्धा मान वळवायचे, असा तुझा गळा. पण चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की तुझे पाय लटपटायचे. अक्षर येत नाही मला, चुकलं तर काय, म्हणायचीस. अगं, सगळी वंदना तुला माझ्याआधी पाठ होती. मीच कधी अडखळले तर मागून पुटपुटून वाट दाखवणारी तूच होतीस.

तू गेलीस त्यानंतर रुमाल पहिल्यांदा तुझ्या पट्ट्यावर आला, तेव्हा काय करावं कुणालाच कळेना. शेजारी मी होते, पण तू हजर नव्हतीस, मग बदली कशी व्हायची? मी म्हटलं, पाळी तिची आहे, तिची वाट बघू. मेणबत्त्या लावल्या आणि वंदनेला लागतो तेवढा वेळ सगळे गप्प बसले. नागू, ती शांतता मी कशी सांगू! वारा आला, पिंपळाची पानं हलली, कुणाची तरी शेळी ओरडली, आणि पूर्वेकडच्या रानातून चंद्र वर आला. मला तर सारखं वाटत होतं की तू म्हणतेयस आणि आम्हाला तेवढं ऐकू येत नाहीये. उठताना साऱ्यांचेच डोळे ओले होते.

पुढं एकेक घर कामाला बाहेर पडलं आणि पट्टे रिकामे होत गेले. आता दोन पौर्णिमांतली एक मुकी जाते. फुलंही नाहीत. ओढ्याकाठची बेशरमाची जांभळी फुलं तेवढी दुष्काळाला जुमानत नाहीत, तीच आम्ही वाहतो. गुरुजींना पटत नाही, पण दुसरं फूल आणणार कुठून?

मी आषाढात महिनाभर गावात नव्हते, अंबाजोगाईला होते. ते पुढं सांगते. आले तर वर्षावासाचे तीन महिने सुरू झालेले. भादव्यातल्या पौर्णिमेला रुमाल पुन्हा तुझ्या पट्ट्यावर आला आणि पुन्हा सगळे गप्प बसले. त्यानंतर गुरुजी उठले. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. जे नाहीत त्यांचे पट्टे दुमडून टाका घालू, आहेत त्यांनी जवळ जवळ बसू, पोरांच्या कानावर वंदना पडायला नको का, असं म्हणाले. आणि बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं, "आपुन काय मुक्यांचं गाव हाव का?" माझ्याकडं नजर जाताच जीभ चावली आणि खाली बघत राहिले. चांगला माणूस आहे गं. मी नुसती उठले आणि तुझ्या पिवळ्या पट्ट्यावर माझी काठी आडवी ठेवली. शेवटी असं ठरलं, की आश्विनातल्या पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या दिवशी, जो येईल त्याचा पट्टा राहील. न येणाऱ्यांचे दुमडायचे. त्या दिवशी रुमाल माझ्यापुढं असेल. माझ्या एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला तू. तुझा पट्टा दुमडला की माझे शेजारी गुरुजी होतात.

मला हल्ली एकच स्वप्न पडतं. घरणीला पाणी आलंय आणि आपली सतरंजी त्यावर तरंगत चाललीय. सगळे आपापल्या पट्ट्यावर, मामंजीसुद्धा. तू पाय पाण्यात सोडून बसलीयस. रुमाल माझ्यापुढं येतो, मी तोंड उघडते, आणि माझ्या तोंडून तुझा आवाज निघतो. कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. जाग आली की मी कितीतरी वेळ तशीच पडून राहते, तो आवाज जाऊ नये म्हणून.

आता ते पुढचं. नरसिंगा, इथं थोडा थांब, आईला पाणी दे, मग वाच. नागू, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या घशातली गाठ काढली. जीव वाचला, पण गाठीबरोबर आवाजही गेला. तो परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तुला कळवलं नाही, कारण तू रडत आली असतीस आणि मला तुझ्याशी बोलता आलं नसतं. आयुष्यभर वटवट करणारी मी, आता ताटलीवर चमचा वाजवून सुनेला हाक मारते. रडले मी, खोटं कशाला सांगू. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, "वैनी, तुमची पाळी मी सांगतो," म्हणाले. मनापासून म्हणाले. मी होकाराची मान हलवली नाही. मला माझी पाळी गप्प जाऊ द्यायची नाही आणि गुरुजींनाही द्यायची नाही. म्हणून तू ये. पाय लटपटले तर लटपटू देत, मी शेजारी असेन. अडखळलीस तर मागून पुटपुटायला मात्र या वेळी कुणी नाही, तेवढं तुझं तुला सांभाळावं लागेल. ये आणि आपल्या पिवळ्या पट्ट्यावर बस. या खेपेला पदर मी ओढणार आहे.

तुझीच,
पंचफुला