हीटरच्या पंख्यातला भंडारा

तात्या, उद्या दसरा. गाडी धुऊन दारात उभी केली आहे आणि तिच्याच पुढच्या सीटवर बसून मी तुम्हाला लिहिते आहे. कागद म्हणजे खतवाल्याच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान, मागून कोरं. माझी गाडी तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेल्यानंतर किती तरी वर्षांनी घेतली, रोपवाटिकेची रोपं इंदापूर तालुक्यात पोचवायला. ती धुताना दर दसऱ्याला मला तुमच्या गाडीचा वास येतो आणि जेवण जात नाही. लोकांना मी सांगते की त्या जुन्या व्हॅनची मला अजून किळस येते. व्हॅनने बिचारीने काय केलं होतं? किळस तुमची येते, तात्या, माझ्या बापाची. एवढं एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

शेवटची मेंढरं विकून तुम्ही ती व्हॅन आणलीत, महाबळेश्वरच्या कुणा हॉटेलवाल्याकडून. थंड गावची गाडी म्हणून तिला हीटर होता. आपल्या वडगावात सगळे हसले. "बारामतीत हीटर? उन्हाळ्यात त्याच्यावर भाकरी भाजता का काय?" असं शेजारचे आबा महिनाभर विचारत होते. तुम्ही वडगाव निंबाळकर आणि कोऱ्हाळ्याची पोरं गोळा करून बारामतीच्या इंग्रजी शाळेत सोडायला लागलात, आणि मी कॉलेजला जाता जाता पुढं तुमच्याशेजारी बसून पोरं सांभाळायला लागले. पोरं तुम्हाला काका म्हणायची. त्यांच्या आया दारात उभ्या राहून हात हलवायच्या. माणूस देवभोळा आहे, गाडी जपून चालवतो, असं त्या एकमेकींना सांगायच्या, ते मी ऐकलं आहे.

देवभोळे तर होताच. दसऱ्याला, अमावास्येला, पोरांच्या परीक्षेला, टायर बदलला तरी, तुम्ही खंडोबाच्या फोटोपुढे मूठभर भंडारा उधळायचात. काचेखालच्या त्या सपाट जागेवर हळद, तांदूळ, झेंडूची फुलं, खोबऱ्याचे तुकडे, उदबत्तीची राख. पुसायचं नाही, देवाचं आहे. काचेवर गरम हवा यायला तिथं फटी होत्या. गाडीच्या धक्क्याने ते सगळं त्या फटींतून आत जायचं आणि वर पुन्हा जागा मोकळी व्हायची. तुम्हाला वाटायचं, देव घेतो.

त्या हिवाळ्यात वास सुटला. हीटर लावला की गरम, कुजकट वारा तोंडावर. एका पोराने दप्तरात ओकारी केली. तुम्ही काय केलंत? उदबत्ती वाढवलीत. आधी एक लागायची, मग पुडाच लागायला लागला. खालून मेलेला उंदीर आणि वरून चंदन. आज कुणाच्या घरी चंदनाची उदबत्ती लावली तरी मी उठून अंगणात जाते. मग एका सकाळी पंखा घुर्र करून बंद पडला आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं. वास तरी यायचा न्हाय."

वास थांबला, पण काच आंधळी झाली. थंडीत बंद गाडीत इतकी पोरं श्वास सोडतात, काचेवर लगेच वाफ धरते. रस्त्याला कालव्याचं धुकं, ऊस घेऊन कारखान्याला चाललेल्या बैलगाड्या, कुणाला मागं दिवा नाही. बारामतीच्या मेकॅनिकने सांगितलं की पंखा उघडून बघावा लागेल. तुम्ही म्हणालात, "देवाच्या खालचं उघडायचं न्हाय. आन् हीटर काय, चैन हाय." तुमच्याकडे तुमचा उपाय होता. दुसरे ड्रायव्हर वाफ धरू नये म्हणून कोरडी तंबाखू काचेवर चोळायचे. तुम्ही चघळलेला बार तोंडातून काढून चोळायचात, नवी कशाला वाया घालवायची म्हणून. काचेवरून ते तपकिरी पाणी ओघळत यायचं, मी ते ओढणीने पुसायची, आणि मागून एक पोरगी रोज विचारायची, "ताई, ते काये?" मी सांगायची, औषध आहे.

कोऱ्हाळ्याच्या अलीकडे वळणावर तुम्ही डोकं खिडकीबाहेर काढून चालवत होता. बैलगाडीच्या मागं बाहेर आलेला ऊस तुम्हाला दिसला नाही. गाडी तिला घासली, तुम्ही ब्रेक मारलात, आणि तीच प्रश्न विचारणारी पोरगी पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. दात ओठात घुसला. माझ्या मांडीवर तिचं रक्त सांडत होतं आणि तुम्ही खाली उतरून आधी पुढचा दिवा फुटला का ते बघितलंत. संध्याकाळी गाडीपुढे नारळ फोडलात. खोबऱ्याचा एक तुकडा फोटोपुढे ठेवलात, त्या फटींवर. मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की पुढच्या वेळी ओठावर भागणार नाही.

त्याच आठवड्यात माझे बाजूला बसायचे दिवस आले. पाळीत मी स्वयंपाकघरात जायचं नाही आणि गाडीत पुढं बसायचं नाही, कारण पुढं देव. मागच्या बाकावर, दाराकडच्या कोपऱ्यात बसायचं. पोरं विचारायची, ताई आज मागं का? तुम्ही सांगायचात, "तिला कावळा शिवलाय." बारकी पोरं बाहेर बघून कावळा शोधायची.

रविवार होता. तुम्ही पाहुण्यांकडे जागरणाला एसटीने गेला होता. मला घरात कशाला हात लावायचा नव्हता, म्हणजे दिवस मोकळा. मी पाना-पिंचिस घेऊन गाडीत पुढं बसले. आई ओसरीवरून म्हणाली, "अगं, आजच्या दिशी तरी शिवू नगंस." मी म्हटलं, "आजच वेळ हाय."

पुढचा कप्पा काढला. त्याच्यामागं पंख्याचं डबडं होतं, तीन स्क्रूंवर लटकलेलं. वायरीची जोडणी सोडवली आणि डबडं माझ्या मांडीवर उतरलं. आत पिंजऱ्यासारखं चाक, आणि चाक दिसत नव्हतं. हळदीचा ओला होऊन वाळलेला लगदा, त्यात तांदूळ, झेंडूच्या काळ्या पाकळ्या, उदबत्तीच्या काड्या, पेपरमिंटचे कागद. खोबऱ्यावर उंदराने घर केलं होतं आणि त्या घरातच तो मरून चाकाला चिकटला होता. केस एकीकडे, चामडं एकीकडे, शेपटी दांड्याला गुंडाळलेली. सगळा पिवळाधमक. मी गाडीबाहेर वाकून ओकले. मग डोक्याला ओढणी बांधली आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला बसले. विटाळ माझा म्हणे.

आईने रॉकेलची बाटली आणि भांडी घासायचा जुना ब्रश आणला. माझ्या हातात द्यायचा नव्हता, म्हणून जमिनीवर ठेवून पायाने पुढं सरकवला. तरी थांबली, बघत. चाकाचं एक पातं तुटलं होतं, फिरवलं की चाक थरथरायचं, म्हणून तोल साधायला समोरचंही एक पातं मी कापून टाकलं. दांड्याला शिलाई मशीनचं तेल सोडलं. वायरी थेट बॅटरीला लावल्या, आणि ते अंगणात गरगर फिरायला लागलं. आई म्हणाली, "फिरतंय की गं." तोंडावर पदर होता, पण हसत होती.

डबडं मी परत जागेवर बसवून ठेवलं. तुम्ही सोमवारी पहाटे आलात. दार उघडलंत, रॉकेलचा वास घेतलात. "कुणी उघडली?" मी म्हटलं, मी. चालू झाला का, असं विचाराल असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, "कंच्या दिशी?" मी सांगितलं. मग तुम्ही तांब्यात गोमूत्र आणून फोटोवर, सीटवर, फटींवर, सगळीकडे शिंपडलंत आणि वरून भंडारा. त्या सकाळी हीटरमधून गरम गोमूत्राचा वारा आला. तो वास गाडीभर, आणि मी मागच्या बाकावर, दाराकडच्या कोपऱ्यात. पण काच लख्ख होती.

त्याच वळणाच्या पुढं उसाची ट्रॉली मोडून रस्त्यातच उभी होती. दिवा नाही, मागं फक्त दगड मांडलेले. तुम्हाला ती लांबून दिसली. तुम्ही सावकाश ब्रेक दाबलात आणि गाडी दगडांच्या अलीकडे थांबली. पोरांना काही कळलंही नाही. ओठाला टाके पडलेली ती पोरगी माझ्या शेजारीच होती, तिचं बोट माझ्या मुठीत. तुम्ही भंडारा कपाळाला लावलात आणि मागं वळून म्हणालात, "बघा पोरांनो, देवानं वाचवलं." पंखा चालू होता, तात्या. तुम्हाला तो ऐकू येत होता. मला त्या क्षणी तुमच्या मानेकडे बघवेना, इतकी शिसारी आली. ती आजही तशीच आहे.

आता राहिलेलं. पुढच्या दसऱ्याला मी विहिरीवरून येत होते आणि तुम्ही गाडीत एकटेच होता. तुम्ही वर्तमानपत्राची लांब घडी केलीत, ती त्या फटींवर नीट बसवलीत, कडा दाबल्यात, आणि मग भंडारा उधळलात. पूजा झाल्यावर कागद अलगद उचलून झटकलात. तुम्ही जाईपर्यंत दर वर्षी हेच. मला एका शब्दाने बोलला नाहीत, आणि ते दिवस आले की मला मागं बसवायचं काही सोडलं नाहीत. ही कागदाची गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नाही. ती सांगितली की लोक लगेच म्हणतील, बघ, मनातून मानत होते हो. मला ते ऐकायचं नाही.

माझ्या गाडीतही फोटो आहे आणि उद्या मीही भंडारा टाकणार आहे. आज माझी पाळी आहे आणि मी पुढंच बसले आहे. हे पान मोठं आहे, एका घडीत सगळ्या फटी झाकेल. सकाळी तेच घालीन, लिहिलेली बाजू खाली, पंख्याकडे.