खोक्यापुरती समाजसेवा

सोमवार, २ जून, टार्निट
नोकरी गेली म्हणून शिस्त जाऊ द्यायची नाही. रोज सहाला उठणे, वॉक, मग जॉब अप्लिकेशन्स. आज उठायला साडेनऊ. इथे जून म्हणजे हिवाळा, थंडी फार.
कम्युनिटी सेंटरच्या फूड पँट्रीत नाव घातलंय. नियम असा: आठवड्याला चार तास व्हॉलंटियरिंग केलं, तरच शुक्रवारी किराण्याचा खोका. या देशात नवे म्हणून सरकारी भत्ता आम्हाला अजून लागू नाही आणि बायकोचा, लीनाचा, पगार घराच्या हप्त्यात जातो. अर्थात मी समाजसेवा म्हणून जातोय. देतातच, तर खोक्याला नाही कशाला म्हणा.

गुरुवार, ५ जून
बटाटे निवडले. मी आयटीत मॅनेजर होतो, त्यामुळे दोष लगेच दिसला: माणसं कमी. पँट्री चालवणाऱ्या जेनीनला तसं सांगितलं. ती म्हणाली, नो वरीज, आधी ती कांद्याची गोणी उचल. पाठ धरली.

शुक्रवार, ६ जून
खोका आणला. तांदूळ, पास्ता, चण्याचे डबे. लेकीने, तनयाने, विचारलं, इज धिस फ्रॉम युअर वर्क? हो म्हटलं. एका अर्थी खरंच आहे.

मंगळवार, १० जून
मराठी मंडळाच्या भास्करचा फोन. सध्या काय चाललंय, विचारलं. नोकरीचं सांगणार होतो. तोंडातून निघालं, फूड पँट्री बघतो. तो भारावला. मग मीही भारावलो आणि मंडळाला मदतीला बोलावलं. याला म्हणतात लीडरशिप.

शनिवार, १४ जून
अख्खं मंडळ आलं. भगवे टी-शर्ट, बॅनर, चहाचे थर्मास. आपल्या लोकांना कामाला जुंपावं लागत नाही. बटाटे तासाभरात संपले. मग त्यांनी ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या शिफ्ट स्वतःच्या नावावर भरून टाकल्या. जेनीनच्या डोळ्यांत पाणी. मला अभिमान वाटला.

गुरुवार, १९ जून
माझे चार तास करायला गेलो. जागा नाही. माझ्या खुर्चीवर मंडळातले एक हार्ट सर्जन बटाटे निवडत होते. चांगले निवडत होते.

शुक्रवार, २० जून
तास नाहीत, म्हणून खोका नाही. जेनीन म्हणाली, सॉरी मेट, नियम माझ्या हातात नाही. आणखी तिघं रिकाम्या हाताने परत गेले. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, या भगव्या शर्टवाल्यांना बोलावलं कुणी? मी म्हटलं, कल्पना नाही.
घरी येऊन भास्करला फोन. एक शिफ्ट माझ्यासाठी सोड म्हणणार होतो. तो म्हणाला, अरे, तू लीडर, तू कशाला बटाटे निवडतोस, तू उद्या फक्त फोटोला ये. बरं म्हटलं.

शनिवार, २१ जून
फोटो झाला. मधोमध मी, हातात भरलेला खोका. हसायला सांगितलं, हसलो. मग भास्करने तो माझ्या हातातून अलगद काढून ट्रॉलीवर ठेवला.
घरी पोचेपर्यंत लीनाने ग्रुपवर फोटो पाहिला होता. तिने विचारलं, खोका कुठेय? सगळं सांगितलं. लाज वाटली, फार. म्हटलं, भास्करला फोन करून खरं काय ते सांगून टाकतो. ती म्हणाली, नको, मी करते. तू केलास तर आणखी दहा जण येतील.